अकरावी तलवार

दादर पश्चिमेला एका पथारीवरून भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांचा कॅट घेतला आणि चर्चगेट स्लोमध्ये बसल्यावर उघडला. ‘तलवारींची दश्शी’ हातात आली: पालथा पडलेला माणूस, पाठीत तलवारी. मोजल्या तर अकरा. प्रभादेवी येईपर्यंत पुन्हा मोजल्या, अकराच. खोक्यावर चित्रकाराचं नाव नव्हतं. चित्र एआय यंत्राचं, हे कळायला तेवढं पुरे होतं.

टॅरो मुळात भविष्य सांगायचं साधन नव्हतंच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा खेळायच्या पत्त्यांचा जोड होता. मिलानच्या व्हिस्कॉन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले त्यातले पत्ते आजही टिकून आहेत. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखाच प्रकार म्हणा. तिथे दशावतारी जोडात १२० गोल पत्ते, इथे ७८ लांबट. १७८१ मध्ये कूर दे जेबलँ या फ्रेंच विद्वानाने ‘हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे’ असं ठोकून दिलं. त्या वेळी युरोपात कुणालाही इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणार कोण?

आज ‘टॅरो’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती चित्रं मात्र १९०९ ची, लंडनची. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांनी कल्पना मांडली, रायडर कंपनीने ती छापली आणि काढली चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी. त्याआधीच्या बहुतेक जोडांत दश्शी म्हणजे नुसत्या दहा तलवारी मांडलेल्या, आपल्या चौकट-बदामासारख्या. पामेलाबाईंनी प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग उभा केला. म्हणून तर पुस्तक न उघडताही पत्ता ‘वाचता’ येतो. काम भलं मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं त्यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय. १९५१ मध्ये त्या हलाखीत गेल्या. जोड मात्र कित्येक वर्षं ‘रायडर-वेट’ म्हणूनच विकला गेला. त्यांचं नाव उरलं ते चित्राच्या कोपऱ्यात, नागमोडी गुंफलेल्या आद्याक्षरांपुरतं.

मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो या आपल्याकडच्या नियमाने भारतात ही चित्रं २०१२ पासून खुली झाली. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, म्हणून तिथे २०२२ उजाडलं. त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्युजन हे शब्दांवरून चित्र काढणारं एआय यंत्र आलं. त्याला शिकवायला वापरलेली चित्रं ज्या साठ्यातून निवडली, त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्र-मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. चित्रावर ठिपक्यांचा गोंधळ माजवायचा आणि तो निवळून पुन्हा चित्र कसं काढायचं हे यंत्राला शिकवायचं, ही त्यामागची रीत. असं शिकलेलं यंत्र तलवारी मोजत नाही. पाठीत तलवारींचा झुबका असतो एवढंच त्याला ठाऊक. अकरावी येते ती अशी.

पामेलाबाईंची चित्रं खुली तरी होती. हयात चित्रकारांचं काय? जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तीन चित्रकार आपली चित्रं वापरल्याबद्दल स्टॅबिलिटी (स्टेबल डिफ्युजनवाली), मिडजर्नी आणि डेव्हियंटआर्ट या कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून एक कलम आहे: संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारा. कलम लिहिलं तेव्हा असलं यंत्र कुणाच्या स्वप्नातही नसणार. आज ते जसंच्या तसं लावलं तर दोन ओळी टाइप करणारा कर्ता ठरू शकतो, आणि यंत्र ज्यांच्या कुंचल्यावर पोसलं त्यांच्याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

घरी येऊन तो पत्ता भिंगाखाली धरला. खालच्या कोपऱ्यात, सही असते तिथे, काळसर नागमोडी गिचमिड आहे. उलटसुलट करून पाहिलं, एकही अक्षर लागत नाही.