आजाऱ्याच्या खोलीतली हवा जाते कुठे?

घरात कुणाला फ्लू झाला की त्याला बेडरूममध्ये झोपवायचं, खिडक्या लावून एसी सुरू करायचा आणि दार ओढून घ्यायचं, ही ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटमधली सर्रास रीत. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. त्याच्या जाळीत धूळ अडकते, विषाणू नाही.

खोकताना-बोलताना उडणारा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दीड मीटरवरून पाच-सहा सेकंदांत खाली पडतो. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास लागतो, तर १ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत बारा तासही तरंगू शकतो. त्यामुळे नुसती फरशी पुसून भागत नाही, हवा बाहेर काढावी लागते. आणि तीही योग्य दिशेने.

चूक होते ती स्वयंपाकघरात. पाइप बाहेर काढलेली चिमणी तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकते. तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. स्वयंपाकघराची खिडकी बंद असेल तर ती बेडरूमच्या दाराखालच्या फटीतूनही ओढली जाते, म्हणजे आजाऱ्याचा श्वास थेट ओट्यापर्यंत. चिमणी सुरू करण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडा.

आजाऱ्याच्या खोलीत नेमकं उलट करायचं. लागूनच्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन सतत चालू, बाथरूमचं दार उघडं, बेडरूमचं दार बंद, हॉलची खिडकी उघडी. दाराखालची फट कापडाने बुजवू नका, हॉलमधली हवा तिथूनच आत येणार आहे. खात्री करायला पेटती उदबत्ती हॉलच्या बाजूने फटीजवळ धरा. धूर आत खेचला गेला तर दिशा बरोबर. तो हॉलकडे वळला तर बहुधा पश्चिमेचा वारा बेडरूमच्या खिडकीतून आत घुसतोय. ती खिडकी जवळजवळ लावून घ्या आणि पुन्हा बघा. एसीचा गारवा थोडा कमी होईल, तेवढं सोसावं.

३० घनमीटरच्या खोलीतून फॅन तासाला ९० घनमीटर हवा काढत असेल, तर आजारी माणूस बाहेर गेल्यावर तासाभरात जुनी हवा सुमारे ५ टक्केच उरते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखाली साचून ड्रेनेजची हवा अडवणारं पाणी सुकलं असेल तर हाच फॅन ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात ओढतो. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स संकुलात २००३ मध्ये ३००हून जास्त रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला, त्यात सुकलेले ट्रॅप आणि बाथरूमचे पंखे यांचा मोठा वाटा मानला जातो. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये दर दोन-चार दिवसांनी तांब्याभर पाणी ओता.

कापूर-ओव्याच्या पोटलीने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, विषाणू मरत नाही. धुरीने तर ठसका लागतो आणि प्रत्येक ठसक्याबरोबर नवे कण उडतात.

पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसेल आणि बाकीचा त्रासही उतरत असेल, तरच खोलीबाहेर पडा. त्यानंतरही पाच दिवस ठाणे-वाशी लोकलसारख्या गर्दीत एन-९५ लावा. तो धुऊ नका: त्याच्या मधल्या थरावरचा विद्युतभार बारीक कण पकडतो, आणि साबणाने तोच निघून जातो.