जंबुल कुलातील वनस्पतींची शिराविन्यासावरून ओळख

जंबुल कुल अथवा मिर्टेसी हे द्विदलिकित वनस्पतींचे एक मोठे कुल असून त्यात सुमारे १३० ते १४० प्रजाती (जीनस) आणि ५,५०० हून अधिक जाती (स्पीशीज) येतात. जांभूळ, लवंग, पेरू, निलगिरी आणि ज्या झुडपावरून कुलाला नाव मिळाले ती विलायती मेंदी ही त्यातील परिचित नावे होत. कुलाचा मुख्य विस्तार ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया आणि उष्ण कटिबंधीय अमेरिका येथे आहे. यूरोपात विलायती मेंदी ही त्याची एकच जाती मूळची आहे. या वनस्पतींची शास्त्रीय विभागणी प्रामुख्याने फुले, फळे आणि बीजातील गर्भ यांवर आधारलेली आहे. परंतु रानात गेलेल्या निरीक्षकाला वर्षातील बहुतेक दिवस फक्त पानेच हाती लागतात आणि उंच वृक्षांच्या बाबतीत तर खाली पडलेले पानच काय ते मिळते. अशा वेळी पानातील शिरांची मांडणी, म्हणजे शिराविन्यास, हा ओळखीचा सर्वांत भरवशाचा आधार ठरतो. मात्र तो कुल आणि प्रजाती यांच्यापर्यंत जितक्या खात्रीने नेतो तितक्या खात्रीने जातीपर्यंत नेत नाही.

कुलाची खूण म्हणून जी शीर प्रथम शोधावी ती उपकिनारी शीर होय. मध्यशिरेपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या उपशिरा पानाच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत; कडेच्या थोडे अलीकडे प्रत्येक उपशीर टोकाच्या दिशेने वळते आणि आपल्या पुढच्या उपशिरेला मिळते. पुष्कळ कुलांत ही वळणे ठळक कमानींसारखी दिसतात. जंबुल कुलातील अनेक वनस्पतींत मात्र या कमानी इतक्या सपाट झालेल्या असतात की त्यांची मिळून कडेला समांतर धावणारी एक सलग शीर तयार होते आणि पानाला आतल्या बाजूने बारीक काठ शिवल्यासारखा भास होतो. ही शीर कडेला अगदी चिकटून आहे की एकदोन मिलिमीटर आत आहे, ती सरळ आहे की अजूनही किंचित कमानदार आहे आणि तिच्या बाहेर आणखी एक फिकट शीर आहे का, या तीन गोष्टी टिपून ठेवल्या तर पुढचे काम निम्म्याने हलके होते. पानांतील शिरांच्या अशा रचनांना पद्धतशीर नावे देण्याचे काम ऑस्ट्रियन पुरावनस्पतिवैज्ञानिक कॉन्स्टन्टिन फॉन एटिंग्सहाउझेन यांनी १८६१ मध्ये केले आणि १९७३ मध्ये अमेरिकेचे लिओ हिकी यांनी त्या परिभाषेची नव्याने मांडणी केली. जीवाश्म पाने ओळखण्यासाठी घडलेली ही परिभाषा आज जिवंत झाडांच्या अभ्यासातही तितकीच उपयोगी पडते.

उपकिनारी शीर एकटी पुरेशी नाही, कारण ती इतर कुलांतही आढळते. म्हणून तिच्याबरोबर तैलग्रंथी पाहणे अत्यावश्यक आहे. पान उजेडासमोर धरले असता जंबुल कुलात पारदर्शक ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे सुगंधी तेलाने भरलेल्या पोकळ्या असतात. जाड, चिवट पानांत ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत; तेथे दहापट मोठे दाखवणारे भिंग वापरावे किंवा पान चुरगाळून वास घ्यावा. साधे पान, अखंड कडा, बहुधा समोरासमोर मांडणी, उपपर्णांचा (देठाच्या तळाशी असणाऱ्या लहान पानासारख्या भागांचा) अभाव किंवा अगदी क्षुद्र उपपर्णे, तैलग्रंथी आणि उपकिनारी शीर ही लक्षणे एकत्र आढळली, तर झाड जंबुल कुलाचे असल्याबद्दल फारशी शंका उरत नाही. लिंबाच्या कुलातही असेच ठिपके असतात, पण तेथे पाने बहुधा एकांतर (फांदीवर एकाआड एक) आणि संयुक्त (अनेक पर्णिकांची) असतात.

जांभळाची प्रजाती सिझिजियम ही या कुलातील सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक असून तिच्या सुमारे १,२०० जाती आफ्रिकेपासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत पसरल्या आहेत. जांभळाच्या पानात उपशिरा पुष्कळ, बारीक, एकमेकींच्या अगदी जवळ आणि जवळजवळ समांतर असतात. त्या कडेपासून सुमारे एक मिलिमीटर अंतरावरील उपकिनारी शिरेत विलीन होतात. गुलाबजांबाच्या लांबट, भाल्यासारख्या पानात याउलट उपशिरा विरळ व उठावदार असतात आणि त्या ज्या शिरेला मिळतात ती कडेपासून स्पष्टपणे आत असते. ही दोन पाने शेजारी ठेवून पाहिली की एकाच प्रजातीत शिरांची घनता किती बदलू शकते हे ध्यानात येते. पेरूच्या पानात उपशिरा वरच्या बाजूला खोलगट आणि खालच्या बाजूला फुगीर असतात, त्यामुळे बोट फिरवूनही त्या मोजता येतात. मात्र पेरू मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असल्याने आशियातील रानात तो भेटला तरी त्याची गणना तेथील देशी वनस्पतींत करता येत नाही.

सह्याद्रीच्या सदाहरित रानांत नवख्याची सर्वाधिक फसगत होते ती जांभूळवर्गीय झाडांसारख्या दिसणाऱ्या पण परक्या कुलांतील झाडांमुळे. उंडी, म्हणजे कॅलोफायलम, हिची पाने जांभळासारखीच समोरासमोर, चिवट आणि चकचकीत असतात व त्यांतील बारीक समांतर शिरा जांभळापेक्षाही दाट असतात. येथे तीन गोष्टी निकाल लावतात. उंडीच्या उपशिरा मध्यशिरेशी जवळजवळ काटकोन करतात. दोन शिरांच्या मधून चिकाच्या बारीक नळ्या धावतात, तर जांभळात त्याच जागेत तिरप्या शिरांचे नाजूक जाळे असते. आणि देठ मोडला की उंडीतून चीक येतो, जांभळातून येत नाही. अंजनीची, म्हणजे मेमेसायलॉनची, अडचण वेगळी आहे. तिचे पान संमुख (समोरासमोर) आणि जाड असते, पण उपशिरा बहुधा इतक्या अस्पष्ट असतात की पान जवळजवळ कोरे वाटते, आणि तैलग्रंथी तर तिच्यात नसतातच. काही वडवर्गीय झाडांतही घन समांतर शिरा आणि उपकिनारी शीर दिसते. तथापि तेथे पाने एकांतर असतात, कोवळ्या अंकुरावर टोपीसारखी उपपर्णे असतात आणि पांढरा चीक तत्काळ बाहेर पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते देठ मोडून चीक पाहण्याची ही साधी चाचणी सर्वांत आधी करावी, कारण तिने निम्मे गोंधळ भिंग हाती घेण्यापूर्वीच मिटतात.

सर्वच प्रजातींत शिरा पिसासारख्या मांडलेल्या नसतात. रोडोमिर्टस टोमेंटोसा या दक्षिण व आग्नेय आशियातील झुडपाच्या पानात तळाजवळून तीन ठळक शिरा निघून टोकाकडे जातात. अशाच लांबीच्या दिशेने धावणाऱ्या शिरा मेलास्टोमाच्या कुलाचेही वैशिष्ट्य असल्याने दोन्हींत घोटाळा होतो. मेलास्टोमाच्या पानात उभ्या शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या ठळक असतात आणि तैलग्रंथी नसतात. मेलाल्यूका प्रजातीतील एका जातीचे क्विंक्वेनर्व्हिया हे नाव तिच्या पानातील पाच उभ्या समांतर शिरांवरूनच पडले आहे, जरी प्रत्यक्षात त्या तीन ते सात असू शकतात.

ऑस्ट्रेलियातील निलगिरीवर्गीय वृक्षांत शिराविन्यासाचा अभ्यास सर्वाधिक बारकाईने झालेला आहे, कारण युकॅलिप्टस या एकाच प्रजातीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांची प्रौढ पाने दुरून सारखीच दिसतात. कोरिंबिया प्रजातीत उपशिरा पिसाप्रमाणे दाट, समांतर आणि मध्यशिरेशी मोठा कोन करणाऱ्या असतात. वनस्पतिवैज्ञानिक केन हिल आणि लॉरी जॉन्सन यांनी १९९५ मध्ये ही प्रजाती युकॅलिप्टसपासून वेगळी केली, त्यामुळे लिंबाच्या वासाची निलगिरी आता कोरिंबिया सिट्रिओडोरा या नावाने ओळखली जाते. युकॅलिप्टसच्या पुष्कळ जातींत उपशिरा कमी दाट असून त्यांचा कोन लहान असतो. थंड डोंगराळ प्रदेशातील युकॅलिप्टस पॉसिफ्लोरा या जातीत तर त्या मध्यशिरेला जवळजवळ समांतर होऊन टोकाकडे धावतात, आणि केवळ या लक्षणावरून ते झाड बरेचदा ओळखता येते. त्याहून सूक्ष्म पातळीवर शिराजाल किती दाट आहे आणि तैलग्रंथी जाळ्यातील घरांच्या मध्ये बेटासारख्या सुट्या आहेत की शिरांच्या सांध्यांवर आहेत, हे पाहिले जाते. ताजे पान सूर्याकडे धरून भिंगातून पाहिल्यास हे चित्र अतिशय स्पष्ट आणि खरोखर सुंदर दिसते. निलगिरीची कोवळ्या रोपावरील पाने संमुख, तर प्रौढ पाने एकांतर असल्याने तुलना नेहमी प्रौढ पानांचीच करावी.

न्यूझीलंडमध्ये या पद्धतीच्या मर्यादा दिसतात. रामारामा, म्हणजे लोफोमिर्टस बुलाटा, हिच्या पानात शिरांच्या मधला भाग फोडासारखा फुगलेला असल्याने ती पाहताक्षणी ओळखू येते. पोहुतुकावा या वृक्षाच्या पानाची खालची बाजू मात्र पांढऱ्या दाट लवेने झाकलेली असते आणि शिरा दडून जातात. तेथे लव हीच खूण मानावी लागते. मानूका आणि कानूका या तेथील झाडांची पाने इतकी लहान असतात की शिरांवरून निर्णय करणे व्यर्थ ठरते. त्यापेक्षा मानूकाच्या पानाचे टोचणारे टोक आणि कानूकाच्या पानाचा मऊपणा अधिक उपयोगी पडतो.

या ओळखीला अलीकडे निकडीचे महत्त्व आले आहे. ऑस्ट्रोपक्सिनिया सिडाय या कवकामुळे होणारा तांबेरा रोग ब्राझीलमध्ये पेरूवर आढळून १८८४ मध्ये प्रथम वर्णिला गेला. तो २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवर पोहोचला. तो कोवळ्या पानांवर व अंकुरांवर पिवळी भुकटी निर्माण करतो आणि फक्त जंबुल कुलातील वनस्पतींनाच ग्रासतो. म्हणून नोंद करणाऱ्याने प्रथम झाड या कुलाचे आहे का, आणि मग ते नेमके कोणते, हे सांगणे आवश्यक असते. पूर्व ऑस्ट्रेलियातील रोडॅम्निया रुबेसेन्स आणि रोडोमिर्टस सिडिऑइडीस या दोन जाती या रोगाने अतिसंकटग्रस्त झाल्या आहेत. पैकी पहिलीच्या पानात तळापासून तीन ठळक शिरा असतात, तर दुसरीच्या पानात, प्रजातीचे नाव रोडोमिर्टस असूनही, शिरा पिसासारख्या असतात. फुले-फळे न धरू शकणाऱ्या, तांबेऱ्याने वारंवार करपलेल्या झुडपांत हा एक फरक पुरेसा ठरतो.

निरीक्षणासाठी फांदीच्या मधल्या भागातील पूर्ण वाढलेली किमान चार-पाच पाने घ्यावीत. सावलीतील पाने मोठी व विरळ शिरांची आणि उन्हातील पाने लहान व दाट शिरांची असतात, त्यामुळे एकाच पानावरून केलेली मोजणी दिशाभूल करते. ताज्या जाड पानात न दिसणाऱ्या शिरा पान दाबून वाळवल्यावर अनेकदा उठून येतात. ज्यांना संपूर्ण जाळे पाहायचे असेल, त्यांनी पान सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून रंगहीन करावे आणि सॅफ्रानिन या लाल रंजकाने रंगवावे. मग प्रत्येक उपशीर उपकिनारी शिरेला कोठे व कशी मिळते हे लाल रेषांत स्पष्ट दिसते.