महाधमनीचा फुगवटा : घाबरायचं कधी, नुसतं मोजायचं कधी?

सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी तरी केलेली असते. रिपोर्टमध्ये ‘पोटातली महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) 41 मिमी’ अशी ओळ निघते आणि ‘पोटात टाइम बॉम्ब आहे’ असं कुणीतरी हमखास सांगून जातं. ही उपमा चुकीची आहे आणि तिने माणसं विनाकारण खचतात. बॉम्ब लहान असला तरी फुटतोच. धमनीचा फुगवटा, म्हणजे ॲन्युरिझम, लहान असताना फुटण्याची शक्यता अगदी कमी असते, आणि तो किती मोठा आहे हे बाहेरून, सुईसुद्धा न टोचता मोजता येतं.

पोटातली महाधमनी साधारण 2 सेंमी रुंद असते. ती 3 सेंमी झाली की ॲन्युरिझम म्हणतात. तिच्या भिंतीतलं इलास्टिन हे लवचीक प्रथिन प्रत्येक ठोक्याला ताणून पुन्हा जागेवर येतं. ते जवळजवळ सगळं लहानपणीच तयार होतं, मोठेपणी तुटलं तर नीट भरून येत नाही. मग सगळा भार कोलॅजन या चिवट प्रथिनावर येतो. कोलॅजन शरीर आयुष्यभर मोडतं आणि नव्याने विणतं. मोडणं विणण्यापेक्षा वरचढ झालं की धमनी रुंदावते. सिगारेट मोडणाऱ्यांच्या बाजूने असते, म्हणून ती सोडणं हा सगळ्यात मोठा उपाय.

आता माझा आवडता भाग, लाप्लासचा नियम. भिंतीवरचा ताण म्हणजे आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. दाब आणि जाडी तीच धरली, तर 2 सेंमीच्या धमनीपेक्षा 4 सेंमीच्या धमनीवर ताण दुप्पट, 5.5 सेंमीला पावणेतीन पट. शिवाय भिंत रुंदावताना पातळही होते, म्हणजे भाजक घटतो आणि ताण आणखी चढतो. हेच समीकरण उलटं वाचा. वरचा रक्तदाब 150 वरून 120 वर आला की ताण 20 टक्क्यांनी उतरतो. नुसत्या रुंदीतून तेवढा फरक पडायला 5 सेंमीचा फुगवटा 4 सेंमीपर्यंत आक्रसावा लागला असता! श्वास रोखून जड वजन उचलताना दाब क्षणभर भलताच चढतो, म्हणून ते टाळायचं. चालणं मात्र चांगलंच.

मग लगेच ऑपरेशन का नाही? ब्रिटन आणि अमेरिकेत 4 ते 5.5 सेंमीचा फुगवटा असलेल्या रुग्णांचे दोन गट करून हे तपासलं गेलं. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याची नियमित मोजणी केली. 1998 आणि 2002 मध्ये निकाल आले : जगण्यात फरक नाही. म्हणून पुरुषांत साधारण 5.5 आणि स्त्रियांत 5 सेंमीपर्यंत थांबतात. लहान फुगवटा असलेल्या माणसाला त्याच्या फुटण्यापेक्षा हृदयविकाराचाच धोका जास्त असतो, त्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी चुकवू नये.

मोजणीत दोन-तीन मिमीचा फरक यंत्र आणि हात बदलल्यानेही पडतो. 41 चे 43 झाले म्हणून रात्र जागून काढायचं कारण नाही. ‘नस पूर्ववत करणारे’ काढे विकणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. प्राण्यांमध्ये आशा दाखवलेलं डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविकसुद्धा माणसांवरच्या चाचणीत फुगवट्याची वाढ रोखू शकलं नाही.

पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली, भोवळ आली, तर थेट इमर्जन्सी गाठायची. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. आणि सख्ख्या भावंडांना नक्की सांगा. हा आजार घराण्यात चालतो, त्यांनीही वय झाल्यावर एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.