ठोके बिघडले, मग गोळी रक्त पातळ करायची का?

एट्रियल फिब्रिलेशनचं (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार) निदान झालं की घरात हा प्रश्न हमखास निघतो. बिघाड ठोक्यांत आहे, मग औषध रक्ताचं कशाला? प्रश्न रास्त आहे. खुद्द डॉक्टरांना त्याचं उत्तर सापडेपर्यंत विसावं शतक सरत आलं होतं.

इंग्लंडमधल्या बर्न्ली या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी साधी प्रॅक्टिस करायचे. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची उडी एकाच कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी घडवलं होतं. हृदयातली मायट्रल झडप अरुंद झालेल्या एका रुग्णाची नाडी अनियमित झाली, तेव्हा मानेच्या आलेखातून अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) आकुंचनाची लहरच नाहीशी झालेली त्यांना दिसली. अलिंद लुळं पडलं असावं, असा त्यांचा तर्क. पुढे आइन्थोव्हेन यांचं ईसीजी यंत्र आलं आणि 1909 मध्ये लंडनच्या थॉमस लुइस यांनी दाखवून दिलं, की अलिंद बंद पडलेलं नसतं, ते मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा नुसतं थरथरत असतं.

आजार कळला, पण सगळ्यांची नजर ठोक्यांवरच खिळली. डिजिटॅलिस या औषधाने निलयाचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) वेग आवरता येत होता. मग क्विनाइन आलं, तेही एका रुग्णाकडून. डच ईस्ट इंडीजमध्ये व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाने वेंकेबाख या डॉक्टरांना सांगितलं, की ही धडधड मी स्वतःच थांबवतो. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच नियमित नाडी घेऊन हजर! मलेरियासाठी घेतलेल्या क्विनाइनचा हा गुण त्याला अनुभवाने कळला होता. 1962 मध्ये बर्नार्ड लाउन यांनी विजेच्या नेमक्या झटक्याने ठोके ताळ्यावर आणायची पद्धत मांडली.

दृष्टी बदलली ती 1978 मध्ये. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांची वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद पाहता झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्येही पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त निघाला, आणि संधिवाताच्या तापाने (ऱ्हुमॅटिक फीवर) हृदय खराब झालेल्यांत सुमारे सतरापट. कारण सरळ आहे: थरथरणाऱ्या अलिंदाच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साचतं, गोठतं, आणि ती गुठळी सुटून मेंदूत जाते. रुग्णाला धडधड जाणवतही नसेल, तरी गुठळी होऊ शकते.

औषध तयारच होतं. सडलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. 1933 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणाऱ्या रक्ताची दुधाची कॅन घेऊन विद्यापीठात पोचला. त्या शोधातून निघालेलं वॉरफरिन आधी उंदीर मारायला वापरलं गेलं, मग माणसांना दिलं गेलं. 1989 पासून आलेल्या चाचण्यांत त्याने एएफमधले सुमारे दोनतृतीयांश पक्षाघात टळल्याचं दिसलं.

2002 च्या अफर्म चाचणीचा निकाल मला सगळ्यात बोलका वाटतो. ठोके नियमित ठेवायचे की फक्त वेग आवरायचा, याने मृत्यूंत फरक पडला नाही; पण पक्षाघात झालेल्यांपैकी बहुतेकांनी वॉरफरिन बंद केलं होतं किंवा त्यांचं रक्त पुरेसं पातळ नव्हतं. ईसीजी सुधारला म्हणून आपल्या मनाने गोळी सोडणं म्हणूनच महागात पडतं. ठोके सुधारण्याचा नाद मात्र वाया गेला नाही. 1998 मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांना बिघाडाची ठिणगी फुप्फुसातून येणाऱ्या शिरांत सापडली, त्यातून अब्लेशन, म्हणजे बिघाडाची ती जागा निकामी करायचा उपचार, आलं, आणि निदान झाल्यावर लवकरच लय सावरली तर फायदा होतो, हे 2020 मध्ये दिसलं.

2010 नंतर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आल्या, वॉरफरिनसाठी लागणारी वारंवार रक्ततपासणीची कटकट गेली. पण सगळ्यांची नाही. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही कमी नाहीत. भारतासह 24 देशांत झालेल्या चाचणीत, 2022 मध्ये, अशा रुग्णांत नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधंच सरस ठरली. मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. त्यामुळे त्यांना आजही वॉरफरिन किंवा त्याच जातीचं ॲसिनोकुमॅरॉल घेऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा तपासणीतला आकडा) साधारण 2 ते 3 च्या दरम्यान ठेवावा लागतो. पालक-मेथी बंद करायची गरज नाही. एक आठवडा रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, एवढं मात्र चालत नाही. त्यातलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं.