प्रतीक वेगळं, रूपककथा वेगळी

एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ या विज्ञानकादंबरीवरचं कुठलंही टिपण उघडा, चौथ्या-पाचव्या ओळीत ते वाक्य येतंच: एलॉय म्हणजे भांडवलदार, मॉरलॉक म्हणजे कामगार. (दूरच्या भविष्यात माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात: जमिनीवरचे नाजूक एलॉय आणि जमिनीखालचे मॉरलॉक.) लगेच पुढे ‘ही वेल्सची प्रतीकं’, आणि आणखी दोन ओळींनी त्यांनाच ‘रूपकं’. जणू दोन्ही शब्द एकाच डब्यातले, हाताला येईल तो घ्यावा. ही अदलाबदल इतक्या वेळा वाचली आहे की हातात लाल पेन नसतानाही बोटं शिवशिवतात.

रूपकाबद्दल फार सांगायला नको. शाळेतल्या अलंकारांत ते भेटलेलं असतं: मुख कमळासारखं नव्हे, मुख हेच कमळ. (सात मात्रांचा एक ताल आहे, त्याचंही नाव रूपक, संस्कृतात नाटकालाही रूपक म्हणतात. एकटा शब्द बिचारा किती ठिकाणी राबतो!) हे एकरूप करणं एका ओळीपुरतं न ठेवता सबंध गोष्टीवर पसरलं की झाली रूपककथा. खांडेकरांमुळे हा प्रकार मराठी वाचकाच्या चांगला ओळखीचा आहे. ऑर्वेलचं १९४५चं ‘अ‍ॅनिमल फार्म’ घ्या. नेपोलियन नावाचं डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल हे दुसरं डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की. शेजारी रशियाचा इतिहास उघडून बसलं की खुणा जुळत जातात. डुकराच्या स्वरयंत्रातून भाषण कसं निघालं, हे कोणी विचारत नाही. विचारायचंही नसतं.

विज्ञानकथेत नेमकं तेच विचारायचं असतं. सगळी गोम इथे आहे. विज्ञानकथेतली विलक्षण वस्तू आधी त्या जगातली खरी वस्तू असते. तिला वजन असतं, कारण असतं, परिणाम असतात. प्रतीक त्या खरेपणाच्या अंगावर उगवतं, त्याला पुसून नव्हे. रूपककथेत अर्थ हाती लागला की वस्तू टाकून देता येते, टरफलासारखी. प्रतीकात वस्तू टाकली की अर्थही गेला.

‘द टाइम मशीन’मधलीच (१८९५) दोन पांढरी फुलं बघा. काळाचा प्रवासी परत येतो, पाहुण्यांना हकिकत सांगतो आणि खिशातून दोन कोमेजलेली फुलं काढून टेबलावर ठेवतो. वीना या एलॉय मुलीनं ती खिशात खोचलेली असतात, कारण खिसा म्हणजे फुलं ठेवायची काहीतरी विचित्र फुलदाणी, असा तिचा समज झालेला असतो. पाहुण्यांतला डॉक्टर फुलं निरखतो. स्त्रीकेसराची रचना त्याला चमत्कारिक वाटते, कुठल्या कुळातली वनस्पती ते सांगता येत नाही. नमुना म्हणून तो ती मागतो. प्रवासी साफ नकार देतो.

बहुतेक लेखांत या फुलांपुढे ‘प्रेमाचं प्रतीक’ एवढं लिहून पुढे जातात. अहो, पण तो डॉक्टर तिथे का आहे? फुलं आधी पुरावा आहेत. अख्ख्या हकिकतीच्या बाजूनं दाखवता येईल अशी वस्तू प्रवाशाच्या हातात दुसरी कुठली आहे? म्हणजे त्याच पाकळ्या एका माणसाला वनस्पतिशास्त्रातला नमुना वाटतात आणि दुसऱ्याला गेलेल्या मुलीची आठवण. उपसंहारात कथा सांगणारा त्यांच्याकडे बघून म्हणतो की माणसाची बुद्धी आणि बळ संपल्यावरही कृतज्ञता आणि माया शिल्लक होती. पण तेव्हाही ती तपकिरी, चपटी, ठिसूळ झाल्याचं सांगायला तो विसरत नाही. स्त्रीकेसर काढून टाका, ‘प्रेमाचं प्रतीक’ भेटकार्डावरच्या फुलाइतकं स्वस्त होतं.

आता एलॉय-मॉरलॉक. समीकरणवाल्यांची गंमत अशी की त्यांचं समीकरण पुस्तकात खरंच आहे, पण ते प्रवाशाचं मधलं अनुमान आहे. आधी त्याला वाटतं, माणसानं सगळे धोके जिंकले आणि सुखानं तो मऊ पडला. मग जमिनीखालचे मॉरलॉक दिसतात, तेव्हा तो मालक-मजूर ही मांडणी करतो. पुढे तो खाली उतरतो तेव्हा तिथल्या टेबलावर लाल मांसाचा तुकडा दिसतो, आणि एवढं मोठं जनावर या काळात कुठलं उरलं असेल, असा प्रश्न त्याला पडतो. उत्तर आपल्याला ठाऊक आहे: ते मांस एलॉयचं. एलॉय मालक नाहीत, पोसलेली गुरं आहेत. आणि एवढं करून प्रवासी स्वतःच सांगतो की हाही खुलासा चुकीचा असू शकेल. रूपककथेतली किल्ली अशी हातातल्या हातात वितळत नाही. वेल्स तरुणपणी जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकला होता. प्रवासी पोचतो ते ८,०२,७०१ हे साल त्यानं शोभेसाठी घातलेलं नाही. दोन वर्गांचे दोन प्राणिवंश व्हायला तेवढा काळ हवा. वर्गभेद तिथे आहेच, कोण नाही म्हणतो? पण तो उत्क्रांतीतून गेलेला वर्गभेद आहे, वेष बदललेला नव्हे.

‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये (१८९८) घोळ आणखी वाढतो. तिथे मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियातल्या मूळ लोकांच्या संहाराची आठवण देतो, मंगळवासीयांना दोष देण्याआधी आपण काय केलं ते बघा म्हणतो. त्यामुळे वसाहतवाद हा विषय पक्का. पण म्हणून ‘मंगळवासी म्हणजे इंग्रज’ असा तक्ता मांडायला घेतला की शेवटी जंतूंपाशी पाय अडकतो. मंगळवासी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. अमेरिकेत तर उलटं झालं होतं: बाहेरून आलेल्यांच्या देवीसारख्या रोगांनी तिथली माणसं मेली. यावर कोणी पश्चिम आफ्रिकेतल्या मलेरियाचा दाखला देतो, तिथे युरोपीय मरत. खरं आहे. पण मग तुम्ही समीकरणाच्या मध्यातच देश बदललात की! त्यापेक्षा जंतूंना जंतू राहू द्या. असंख्य पिढ्या मरून माणसानं त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावली आणि मंगळवासीयांनी ती कमावलेली नव्हती, हे कथेतलं कारण आहे. त्या कारणामुळेच जंतू प्रतीक म्हणून भारी पडतात: जेत्याच्या शस्त्रांना उत्तर मिळतं ते त्यानं हिशेबातच न धरलेल्या जिवांकडून.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. विषय एका शब्दात येतो, आशयसूत्राला, म्हणजे कथा त्या विषयाबद्दल जे म्हणते त्याला, पूर्ण वाक्य लागतं. ‘तंत्रज्ञान’ हे आशयसूत्र नव्हे. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द मशीन स्टॉप्स’मध्ये (१९०९) दुरुस्ती करणारं यंत्रच बिघडतं आणि ते दुरुस्त करू शकेल असा माणूस उरलेला नसतो, त्यावरून जे वाक्य सुचेल ते आशयसूत्र. प्रतिमा म्हणजे मनापुढे उभं राहणारं चित्र. ते पुन्हा पुन्हा येऊन अर्थ गोळा करू लागलं की प्रतीक व्हायला लागतं. झालं.

‘अर्थ गोळा करणं’ कसं असतं हे बघायचं तर ब्रॅडबरीचं ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३). ‘आग म्हणजे विनाश’ असं लिहिणारा पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला नसतो, हे मी बिनदिक्कत म्हणतो. पुस्तकं जाळण्याच्या नोकरीत असलेल्या माँटॅगला सुरुवातीला जाळण्यात सुख वाटतं. शेवटी पळून गेल्यावर त्याला लांबून शेकोटी दिसते. तिच्याभोवती शेकायला हात धरलेले असतात, आणि ही आग जाळत नाही, ऊब देते आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं. आग तीच, रसायनही तेच. अर्थ बदलला, कारण माणूस वेगळ्या अंतरावर उभा आहे. तक्त्यातला अर्थाचा रकाना असा हलायला लागला की समजावं, हे प्रतीक आहे.

सीमेवरचंही एक उदाहरण देतो, नाहीतर म्हणाल सगळं सोयीचं निवडलं. कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे १९२०चं नाटक. ‘रोबोट’ हा शब्द चापेकला त्याच्या भावानं, योसेफनं सुचवला, चेक ‘रोबोटा’वरून, म्हणजे वेठ. नावातच वेठ असल्यावर कामगारांचं रूपक म्हणून वाचायचा मोह होणारच, आणि इथे मी तो चालवून घेतो. तरी माणसांविरुद्धचं बंड जिंकल्यावर रोबोटांपुढे जो पेच येतो तो कारखान्यातल्या संपाला लावता येत नाही: त्यांना मुलं होत नाहीत आणि त्यांना बनवण्याची कृती कारखान्याच्या संचालकाच्या बायकोनं, हेलेनानं, जाळून टाकलेली असते. आणि त्या नाटकावरच्या लेखाला पत्र्याच्या माणसाचं चित्र लावणं कृपा करून थांबवा. चापेकचे रोबोट धातूचे नाहीत. कणकेसारखा लगदा मोठाल्या पिंपांत कालवून त्यांची शरीरं बनवतात.