जुन्या संगणकावर नवी विंडोज: प्रश्नाची पार्श्वभूमी

विंडोज १० चे नियमित पाठबळ, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या आणि अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांपासून नवी पेठेतील दुकानांपर्यंत, जुना संगणक विंडोज ११ वर न्यावा का, असे विचारले जाऊ लागले. प्रश्न जुनाच आहे. या वेळी त्याचे स्वरूप मात्र बदलले आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी एप्रिल २०१४ पर्यंत पाठबळावर टिकली, कारण २००७ ची व्हिस्टा तेव्हाच्या यंत्रांना जड जात होती. व्यापाऱ्याची अडचण वेगळी होती. सुताच्या उधारीचा हिशेब डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये आणि तीन प्रतींचे बिल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, तोही एलपीटी पोर्टच्या, म्हणजे प्रिंटरसाठीच्या जुन्या जोडणीच्या, जाड केबलने जोडलेला. असे १६ बिटचे, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोजवर चालत, ६४ बिटवर थेट चालत नाहीत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे युनिकोडपूर्व (सर्व लिपींच्या सामाईक अक्षरसंकेताआधीचे) मराठी फाँट नव्या प्रणालीत बसतातही, पण त्यांच्या टंकलेखन सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) चालेलच याची खात्री नसते. तेव्हा निर्णय संगणकापेक्षा त्याला बांधलेल्या कामावर ठरत असे, आणि ते अडाणीपणाचे नव्हते.

मे २०१७ च्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय हल्ल्याने जुन्या प्रणालीची किंमत दाखवली, इतकी की मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. तरी बाधित यंत्रांत विंडोज ७ ची संख्या सर्वाधिक होती. तिला पाठबळ होते आणि दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती फक्त बसवलेली नव्हती.

२०१५ ची विंडोज १० जुन्या यंत्रांनाही चालली आणि पहिले वर्षभर मोफत मिळाली. ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ ने मात्र टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागितला, शिवाय तिची ३२ बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून सुरळीत चालणारा सहाव्या पिढीचा संगणकही अपात्र ठरतो. पळवाटेने त्यावर विंडोज ११ बसवता येते, पण पुढील अद्यतनांची हमी कंपनी देत नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. बँक आणि जीएसटीचे काम ज्यावर होते, त्या संगणकाचा निर्णय या मुदतीआधी घ्यावा. इंटरनेट न जोडलेल्या बिलाच्या यंत्राला ती घाई नाही.