चिमणीतलं तेल वाळतं, मग पेटतं

‘आमची चिमणी ऑटो-क्लीन आहे, आत काही साठतच नाही.’ हा समज आधी खोडला पाहिजे, कारण स्वयंपाकघरातल्या चिमणीची आग बहुतेक वेळा न दिसणाऱ्या जागीच वाढते. ऑटो-क्लीनचं बटण दाबलं की आतली कॉइल तापते, पंख्याभोवतीचं चिकट तेल पातळ होऊन खालच्या वाटीत उतरतं. बस्स, एवढंच. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत ती उष्णता पोचत नाही. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

कढईतलं तेल सहसा पेटत नाही, मग चिमणीच्या जाळीतलं का पेटतं? कढईत अर्धा लिटर तेल असेल तर मिळालेली उष्णता सगळ्या तेलात वाटली जाते. धूर निघू लागतो, गृहिणी आच कमी करते. जाळीवर मात्र केसाइतका पातळ थर असतो. त्याला उष्णता वाटून घ्यायला मागे काहीच नाही, ज्वाळा लागली की तो काही सेकंदांत तापतो. शिवाय जाळीच्या तारा समईतल्या वातीसारखं काम करतात आणि पंखा वरून हवा ओढतच असतो.

आता तेलाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आपलं सोलापूर म्हणजे करडईचा मुलूख. नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक आम्ल (तेलाच्या रेणूचा एक घटक) ७५ टक्क्यांच्या आसपास असतं, शेंगदाणा तेलात त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. या आम्लाच्या कार्बन साखळीत नवव्या आणि बाराव्या कार्बनपाशी एकेक दुहेरी बंध असतो. दोन बंधांच्या मधोमध येणाऱ्या अकराव्या कार्बनवरचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात. त्यातला एक निसटला की तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि पेरॉक्साइड हे अस्थिर संयुग तयार होतं. ते तुटताना शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं, आणि ही साखळी पुढे चालत राहते. शेवटी रेणू एकमेकांना आडवे जोडले जाऊन जाळं विणतात. तेल ‘वाळतं’ ते असं: पाणी उडून नव्हे, ऑक्सिजन घेऊन. याच गुणामुळे करडईचं तेल रंग-रोगणात वापरलं जातं. चिमणीतला तो पिवळट, नखानं खरवडावा लागणारा थर म्हणजे घरीच तयार झालेलं रोगण. तापमान वाढलं की ही क्रिया वेग घेते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपुढे जातो. असा थर कॉइलच्या उष्णतेनं वितळत नाही, तो तिथेच राहतो.

यात भर पडते भाकरीची. तवा उतरवून भाकरी थेट जाळावर शेकताना ज्वाळा मोकळी वर जाते, आणि ज्वारीच्या पिठाचे जळके कण चिकट थरावर बसतात. म्हणून शेगडी आणि चिमणी यांत ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर हवं. भाकरी शेकताना पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवावा.

आग लागलीच तर आधी शेगडीचं बटण, मग रेग्युलेटर बंद. चिमणीचा पुरवठा बोर्डावरून तोडा, म्हणजे पंखा आगीला हवा देणार नाही. कढई पेटली असेल तर झाकण सरकवून ठेवा. पाणी मुळीच नाही: ते तेलाखाली जातं, वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगतं आणि जळतं तेल उडवतं. आग फक्त जाळीत असेल तर कोरड्या पावडरचं अग्निशामक चालेल. पाइपातून घोंघावल्यासारखा आवाज आला तर दार ओढून घेऊन बाहेर पडा, १०१ लावा आणि वरच्या मजल्यावर कळवा. ॲल्युमिनियमचा पाइप ६६० अंशांना वितळतो, प्लॅस्टिकचा तर स्वतःच जळतो.

अशा आगीनंतर स्वयंपाकघर आग्नेयेला नव्हतं, असं सांगणारे वास्तुतज्ज्ञ भेटतात. दिशा बदलून पेरॉक्साइड थांबत नाही. दिशा बदलायचा पैसा पाइप उघडून साफ करणाऱ्याला द्यावा, वर्षातून एकदा तरी.

जाळी दर तीन आठवड्यांनी धुवा. स्टीलची असेल तर कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, सोड्यातली अल्कली वाळलेल्या तेलाच्या जाळ्यातले एस्टर बंध (तेलाच्या रेणूचे भाग जोडणारे दुवे) तोडते. ॲल्युमिनियमच्या जाळीला फक्त भांड्यांचा साबण लावा, कॉस्टिक सोडा तिला खातो आणि हायड्रोजन सोडतो.

पुसलेल्या फडक्यांचंही बघा. करडई तेल शोषलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर वाळताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि ढीग आपोआप तापून पेटू शकतो. जवसाच्या तेलाइतका हा धोका मोठा नाही, पण आहे. ती साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर अंगणात दोरीवर एकेक सुटी वाळत घाला.